सुकेळीतलं पाणी आणि पोस्टातले पैसे

प्रश्न : मी नंदाखालला अकरावीच्या मुलांचे गणिताचे क्लास घेते. रेषीय फल आणि घातांकी फल या दोन्हींची सूत्रं मुलांना पाठ आहेत, आलेखही बिनचूक काढतात. पण व्यवहारातलं उदाहरण दिलं की कुठलं फल लावायचं तेच कळत नाही. ‘वाढ जोरात असेल तर घातांकी’ असं एकानं लिहिलं. त्याला काय सांगू?
— एक शिक्षिका

उत्तर : त्याला सांगा, जोराचा इथे काही संबंध नाही. मोटार चालू केली की गच्चीवरची टाकी बघता बघता भरते, तरी ते भरणं रेषीय. टाकीत आधीचं 200 लिटर पाणी आहे आणि मिनिटाला 25 लिटर चढतंय, तर हजार लिटरची टाकी 32 मिनिटांत भरेल. आधीचे 200 म्हणजे तुमच्या ‘वाय बरोबर एमएक्स अधिक सी’मधला सी, आणि 25 म्हणजे एम. तेहेतिसाव्या मिनिटाला पाणी गच्चीवरून वाहायला लागतं आणि सूत्र तिथेच संपतं, हेही मुलांना सांगाच. पुस्तकातली रेघ अनंतापर्यंत जाते, टाकी जात नाही.

उलट पोस्टातलं किसान विकास पत्र बघा. वर्षानुवर्षं कपाटात पडून असतं, हललेलंही दिसत नाही, पण वाढतं मात्र घातांकी पद्धतीनं. साडेसात टक्क्यांनी 10,000 रुपयांचे सरळव्याजानं तीन वर्षांत 12,250 होतात आणि चक्रवाढीनं 12,423. फरक 173 रुपयांचा. मुलं फसतात ती इथेच, कारण सुरुवातीच्या तुकड्यात दोन्ही आलेख जवळपास एकमेकांवरच बसतात. हेच गणित 30 वर्षांपर्यंत न्यायला लावा : सरळव्याजानं 32,500, चक्रवाढीनं सुमारे 87,550. साडेसात टक्क्यांचं विकास पत्र 115 महिन्यांत दुप्पट होतं. 72 ला व्याजदरानं भागलं की दुप्पट व्हायची वर्षं मिळतात, हा आडाखा लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाच्या 1494 सालच्या ग्रंथातही आहे. 72 भागिले साडेसात म्हणजे 9.6 वर्षं. त्याचे महिने करून बघायला मुलांना सांगा. 1988 साली ही योजना निघाली तेव्हा पैसे साडेपाच वर्षांतच दुप्पट व्हायचे. मग तेव्हा व्याजदर किती असेल, हा प्रश्न फळ्यावर लिहा आणि गप्प बसा.

कसोटी एकच. समान अंतरानं नोंदी घ्यायच्या आणि शेजारशेजारच्या नोंदींची आधी वजाबाकी, मग भागाकार करायचा. वजाबाकी दर वेळी तीच आली तर रेषीय, भागाकार तोच आला तर घातांकी.

पण या नोंदी छापील नकोत. तुमच्या अंगणातच उत्तम प्रयोग आहे : सुकेळी, म्हणजे उन्हात सुकवलेली राजेळी केळी. राजेळी केळी आता पूर्वीसारखी मिळत नाहीत, तरी एखाद्या मुलाच्या घरी निघतीलच. एक किलो सोललेली पिकली केळी उन्हात घाला आणि रोज संध्याकाळी काट्यावर ठेवा. पहिल्या दिवशी वजन भराभर उतरतं, पुढे काटा जेमतेम हलतो. वजाबाकी जुळत नाही म्हणून मुलं भागाकार करतील, आणि तोही जुळणार नाही! इथे घाईनं उत्तर सांगू नका. केळ्यातलं सुकतं काय, एवढंच विचारा. सुकतं पाणी, गर आणि साखर तिथेच राहतात. केळ्यात साधारण तीन चतुर्थांश पाणी असतं, म्हणजे किलोमागे 250 ग्रॅम ऐवज हलत नाही. समजा, उरलेल्या पाण्यातलं चतुर्थांश पाणी रोज उडतं. मग वजनं 1000, 812, 672, 566 अशी येतील. प्रत्येकातून 250 वजा करा : 750, 562, 422, 316. आता भागाकार करून बघा, दर वेळी पाऊणच्या आसपास येतो. खऱ्या केळ्यांवर आकडे इतके शहाण्यासारखे वागणार नाहीत. मळभ येईल, वारा पडेल, आणि एखादं केळं मधल्या मध्ये गायब होईल. त्या दिवशीची नोंद का बिघडली, हे मुलांनाच लिहायला लावा. माझ्या मते त्या दोन ओळी आलेखाइतक्याच मोलाच्या आहेत.

मी स्वतः एकदा चांगलाच तोंडावर पडलो होतो. उभट बाटलीच्या तळाशी भोक पाडून पाणी सोडलं आणि उंची हळूहळू कमी होत जाते म्हणून ‘हे बघा, घातांकी’ असं वर्गाला ऐटीत सांगून टाकलं. एका मुलीनं शांतपणे भागाकार करून दाखवला. गुणोत्तर स्थिर नव्हतंच, दर वेळी घसरत होतं. वजाबाकीही जुळत नव्हती. ती रात्र मी वही घेऊन बसलो. वाकलेली प्रत्येक रेघ घातांकी नसते. त्या बाटलीतल्या प्रत्येक उंचीचं वर्गमूळ घ्या आणि मग वजाबाकी करा. ती मात्र दर वेळी सारखी येते.