बालकांतील कृमिदन्त

सुश्रुतोक्त लक्षणांतील कृष्ण छिद्र दिसेपर्यंत थांबू नये. हिरडीलगतचा खडूसारखा पांढरा डाग हीच पूर्वावस्था होय. छिद्र पडले तरी दात कोरणे प्रत्येक वेळी आवश्यक नसते. दंतवैद्य ३८ टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड लावून कीड थोपवितात. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते आवश्यक औषधांच्या यादीत घेतले. किडका भाग काळा पडतो, हे पालकांस आधीच सांगावे. गालावर सूज असल्यास मात्र त्वरित दंतवैद्याकडे पाठवावे.

जळगाव-धुळ्याकडे आम्ही स्वतःच दोन वर्षांच्या बालकास झोपताना मधातून बालचातुर्भद्र देत आलो. आता ते सायंकाळी देऊन दात घासावयास सांगतो. औषधविक्रेत्यांनी बालकांसाठी लवंगतेल देऊ नये; पोटात गेल्यास यकृतास अपाय होतो.