झाडू-फडक्याचे पस्तीस हजार

प्रश्न : आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर दातांचा दवाखाना आहे. दुपारी डॉक्टर जेवायला गेले की एक गृहस्थ स्कूटरवरून येतात. पायाशी बादली, मागे बांधलेला मॉप. पाऊण तासात दवाखाना लख्ख करून, कुलूप लावून जातात. परवा सहज विचारलं तर म्हणाले, ‘अशा सहा जागा आहेत, शिवाय रविवारची कामं. खर्च जाऊन पस्तीस सुटतात.’ हाताखाली कोणी नाही, डोक्यावर एजन्सी नाही. नुसत्या झाडू-फडक्यावर एकट्याला एवढं मिळू शकतं, की गृहस्थ फेकत होते?
— एक निवृत्त वाचक, चिंचवड

उत्तर : फेकत नसावेत. उलट आकडा जपूनच सांगितला असेल; धंद्यातला माणूस शेजारपाजारच्यांना सगळी कमाई सांगत नाही. तरी हिशेब मांडून बघू.

आधी एजन्सीकडून माणूस घ्यायचा तर काय पडतं ते पाहा. पगार समजा 15,000. त्यावर मालकाच्या वाट्याचा पीएफ वरच्या खर्चासह 13 टक्के, ईएसआय 3.25 टक्के, बोनस 8.33 टक्के. मग एजन्सीचा आठेक टक्के सेवा आकार आणि एकूण बिलावर 18 टक्के जीएसटी. बेरीज 23-24 हजारांवर जाते. ज्याच्या हातात मॉप असतो त्याला मात्र पीएफ, ईएसआय आणि व्यवसाय कर कापून तेरा हजारही पुरते मिळत नाहीत. आठ तासांचा असा माणूस हिंजवडीतल्या कंपनीला परवडतो. पाचशे चौरस फुटांच्या दवाखान्यात आठ तासांचं कामच नाही, तिथे चोवीस हजार कोण घालवणार?

मग डॉक्टर काय करतात? इमारतीत धुणीभांडी करणाऱ्या मावशींना दोन हजार देऊन झाडून-पुसून घेतात. मावशींना दहा घरं उरकायची असतात. दवाखान्यातलं फडकं कुठलं आणि संडासातलं कुठलं, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. फिनेलचा वास आला की झालं, असं सगळेच मानतात. पण संडासाच्या भांड्याच्या कडेला पिवळा थर धरतो, काचेच्या दारावर बोटांचे ठसे राहतात, आणि पेशंटला बाकावर बसल्या बसल्या दुसरं बघायला काही नसतं.

चोवीस हजार आणि दोन हजार यांच्यामधल्या जागेत तुमचे गृहस्थ बसले आहेत. महिन्याला साडेचार हजार घेतात असं धरू. डॉक्टरला ते जड नाही आणि गृहस्थांचा वेळ जातो चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. तासाचा भाव कोणी विचारत नाही, तेही सांगत नाहीत. जागेचा ठेका ठरलेला. सहा जागांचे झाले 27,000. रविवारची मोठी कामं, म्हणजे ऑफिसच्या खुर्च्यांचं शॅम्पूइंग, नव्या जागेची सफाई, क्लासच्या काचा, अशी महिन्याला चार आणि सरासरी चार हजारांची धरली तर 16,000. एकूण 43,000. केमिकल, पेट्रोल, कापडं आणि यंत्राची झीज मिळून आठ हजार वजा करा. पस्तीस उरले. भाव वस्तीप्रमाणे खालीवर होतील, पण हिशेबाची जात हीच.

यात एक खुबी आहे, ती कदाचित त्यांनाही कोणी सांगितली नसेल. डॉक्टरची सेवा जीएसटीमुक्त असते. त्यामुळे एजन्सीच्या बिलावरचा 18 टक्के कर दुकानदार किंवा कंपनी आपल्या करातून वळती करून घेते, तसा डॉक्टरला घेता येत नाही. तो सरळ खिशातून जातो. आणि सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर त्याला जीएसटी लावावाच लागत नाही. गृहस्थांची उलाढाल सव्वापाच लाखांच्या आसपास. म्हणजे दवाखान्याच्या दारात एजन्सी त्यांच्यापेक्षा 18 टक्क्यांनी आधीच महाग असते. एकट्या माणसाने गिऱ्हाईक शोधताना आधी इकडे वळावं. बँकांच्या नादी लागू नये, तिथली कंत्राटं वरून ठरून येतात.

दुसरी गोष्ट वेळेची. दुपारी एक ते चार बंद राहण्यावरून आपल्याकडे पुष्कळ विनोद झाले, पण या धंद्याचं पोट त्या बंद दारावर चालतं. सकाळी साडेसहा ते साडेनऊ ऑफिसं आणि क्लास, दुपारी दवाखाने. सगळ्या जागा दोन-तीन किलोमीटरच्या आत हव्यात. एक जागा वाकडला आणि दुसरी भोसरीला घेतली की कमाई पेट्रोलमध्ये आणि ट्रॅफिकमध्ये गेली.

आता तुमच्या ‘नुसत्या झाडू-फडक्या’बद्दल. पुढच्या वेळी त्यांचं फडकं नीट बघा. मायक्रोफायबरचं असेल, दोनदा घडी घातलेलं. त्या घडीला चार पदर आणि आठ बाजू येतात. एक बाजू मळली की उलटायची, मग घडी फिरवायची; आठवी बाजू मळेपर्यंत धुवायला जायचं नाही. रंगही ठरलेले असतात. संडासाला लाल, टेबल-खुर्च्यांना निळं, खाण्यापिण्याच्या जागेला हिरवं. लाल कापड संडासाच्या दाराबाहेर येत नाही. वरून खाली यायचं, कोरडं आधी आणि ओलं मागून, संडास शेवटी.

केमिकलचं ज्ञान तर याहून मोठं. बोअरवेलच्या आणि टँकरच्या पाण्याने नळावर पांढरा थर बसतो. तो काढायला लोक बाजारातलं स्वस्त अॅसिड ओततात. त्याच्या वाफेने स्टील काळं पडतं, फरशीच्या सांध्यांतलं सिमेंट खाल्लं जातं, आणि संगमरवर असेल तर त्याची चकाकी कायमची जाते. जाणता माणूस सौम्य आम्लाचं क्लीनर डब्यावरच्या प्रमाणात पाण्यात घालतो, लावून पाच-दहा मिनिटं थांबतो, मग घासतो. हे थांबणं फार थोड्यांना जमतं. ब्लीच आणि अॅसिड तो कधीही एकत्र येऊ देत नाही, कारण त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद संडासात तो जिवावर बेतू शकतो. जमिनीवर रक्त सांडलं असेल तर आधी ते हातमोजे घालून टिपायचं, मग एक टक्का हायपोक्लोराइट दहा मिनिटं ठेवायचं. 5 टक्क्यांचं द्रावण घरात असेल तर एक भाग ते आणि चार भाग पाणी, रोज ताजं. पिवळी, लाल, पांढरी, निळी अशी जैववैद्यकीय कचऱ्याची पात्रं ओळखायची आणि त्यांत हात घालायचा नाही. दवाखान्याची कामं घेणाऱ्याने हिपॅटायटिस-बी लसीचे तिन्ही डोस घेतलेले असावेत. पहिला, मग महिन्याने, मग सहा महिन्यांनी.

एवढं येणाऱ्याला पस्तीस हजार मिळाले तर तुम्हाला शंका आली. एखाद्या प्लंबरने हाच आकडा सांगितला असता तर आली असती का? रागावू नका, हा प्रश्न तुमच्या एकट्यापुरता नाही. सफाईचं काम आपण पिढ्यान् पिढ्या ठरावीक जातींच्या माथी मारलं आणि जवळजवळ फुकटात करून घेतलं. त्या फुकटाचा भाव अजून आपल्या डोक्यात बसलेला आहे. गृहस्थांनी तो भाव नाकारला, एवढीच त्यांची कमाई वेगळी.

अडचणी नाहीत असं मात्र नाही. ताप आला की सहाही जागा अडल्या. म्हणून शहाणे लोक याच धंद्यातल्या दुसऱ्या एकट्याशी बदलीचा करार करून ठेवतात : तुझ्या आजारपणात मी, माझ्या गावच्या जत्रेला तू. ईएसआय नाही, पीएफ नाही. शिडीवरून पडलं तर विचारणारं कोणी नाही. वर्षाला 20 रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा बँकेतून मिळतो, प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. तो तरी त्यांनी घेतला आहे का, हे शेजारधर्म म्हणून विचारा.

प्रश्न : मी सात वर्षं हाउसकीपिंग एजन्सीत सुपरवायझर होते. आता स्वतःचं काम एकटीने सुरू करायचं आहे. मशीन आधी घेऊ का? आणि परवाने कोणते लागतात?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मशीन आधी घेऊ नका. एजन्सीत सगळं हाताशी असायचं, त्यामुळे सिंगल डिस्क, म्हणजे फरशी घासायचं यंत्र, नसेल तर काम कसं होणार असं वाटतं. रोजच्या जागांना ती लागत नाही. सुरुवातीला पिळायच्या बादलीसह मॉप, चार रंगांची डझनभर कापडं, काचेचा वायपर, स्प्रे बाटल्या, हातमोजे आणि घट्ट पकडीचे बूट पुरे. पहिलं यंत्र घ्यायचंच झालं तर ओलं-सुकं दोन्ही ओढणारा व्हॅक्युम घ्या, कारण खुर्च्या आणि सोफ्यांचं काम त्यावर होतं आणि जास्त पैसे त्यातच आहेत. फरशीचं यंत्र महिन्यातून तीन-चारदा लागायला लागेपर्यंत भाड्याने आणा.

परवान्यांचं ओझं कमी आहे. दुकाने आणि आस्थापना कायद्याखाली, म्हणजे आपण ज्याला गुमास्ता म्हणतो त्यासाठी, तुमच्यासारख्या एकटीला परवाना काढावा लागत नाही, ऑनलाइन सूचना द्यायची असते. तिची पावती चालू खातं उघडताना कामी येते. उद्यम नोंदणी करा. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला काढा; जो माणूस तुमच्या हातात किल्ली देणार आहे, त्याच्या मनात काय चाललंय हे तुम्हाला ठाऊक आहेच. आयकर लागत नसला तरी रिटर्न भरा. एखाद्या कंपनीने बिलातून 1 टक्का टीडीएस कापला तर तो त्याशिवाय परत येत नाही.

दर सांगताना फोनवर सांगू नका. जागा बघा, संडास किती, काच किती, माणसं किती येतात-जातात ते मोजा आणि कागदावर लिहून द्या : रोज काय, आठवड्याला काय, महिन्याला काय. जे लिहिलं नाही ते ‘ताई, जाता जाता एवढं पण’ म्हणून गळ्यात पडतं. त्यात एक दिवस चेंबर निघतं. गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये संरक्षणाशिवाय माणूस उतरवणं हा 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि आत साचलेला वायू कोणाला दोन मिनिटंही देत नाही. तिथे नाही म्हणजे नाही. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

प्रश्न : काम चोख करतो, पण एका ऑफिसने चार महिन्यांचं बिल थकवलंय. भांडलो तर काम जाईल. काय करू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : चार महिने उधारीवर फरशी पुसून दिलीत, ही तुमची भलमनसाई. पाचव्या महिन्याची सुरुवात करू नका. काम जाईल अशी भीती वाटते, पण जे पैसे देत नाही ते काम गेलेलंच आहे.

तुमची उद्यम नोंदणी असेल तर कायदा तुमच्या बाजूने आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि असेल तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकवावं लागतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. याहून झोंबणारी गोष्ट अशी की, 1 एप्रिल 2024 पासून मुदतीत न चुकवलेलं असं बिल त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच धरता येतं. म्हणजे कर त्यांना जास्त भरावा लागतो. साहेबांशी भांडण्याऐवजी एक नम्र पत्र त्यांच्या हिशेबनिसाला पाठवा, बिलांच्या तारखा आणि उद्यम क्रमांक घालून. मार्चच्या आधी पाठवलंत तर उत्तम. त्यानेही हललं नाही तर केंद्र सरकारच्या पोर्टलवर तक्रार नोंदवता येते.

नवीन जागा घेताना एक महिन्याचे पैसे आगाऊ घ्या आणि बिलावर उद्यम क्रमांक छापा. नोंदणी अजून केली नसेल तर पुढचं काम धरण्याआधी करा. ती सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅनवर होते आणि पूर्ण फुकट आहे. त्यासाठी हजार-दीड हजार मागणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका.