थेट आवाज की डबिंग? बीडमधल्या लघुपटाचा खर्च

लघुपट बीड जिल्ह्यात करायचा आणि कलाकार गावातलेच घ्यायचे असतील, तर संवाद शूटिंगच्या वेळीच रेकॉर्ड करा. डबिंग स्वस्त पडतं, हा समज अर्धवट हिशेबातून आला आहे.

चार दिवसांचं शूटिंग आणि सहा कलाकार धरू. साउंड रेकॉर्डिस्टने सामानासकट दिवसाला 6,000 आणि बूम धरणाऱ्याने 1,000 सांगितले, तर 28,000 होतात. पुण्यातला डबिंग स्टुडिओ तासाला 800 म्हणाला, तर वीस तासांचे 16,000. इथंच बरेच जण डबिंग पक्कं करून टाकतात. पण सहा जणांना पुण्याला न्यायचं, तिथं ठेवायचं, बुडालेली मजुरी भरून द्यायची. माणशी 2,500 म्हणजे 15,000. शिवाय डबिंगमध्ये नुसते संवाद मिळतात. भाकरी थापण्याचा, पावलांचा, बैलांच्या घुंगरांचा आवाज नव्याने भरावा लागतो, त्याचे 12,000. बेरीज 43,000. हे दर नमुन्यादाखल आहेत; तुमची कोटेशनं घालून पाहा आणि त्यात 18 टक्के जीएसटी धरलाय का, तेही विचारा. थेट आवाजात रिटेक वाढतात, म्हणून युनिटचा अर्धा दिवस जादा धरा.

बीडमध्ये आणखी एक अडचण येते. तुमचा कलाकार ऊसतोड कामगार असेल, तर दिवाळीच्या सुमारास तो पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातो आणि उन्हाळ्यातच परततो. डबिंगची तारीख मध्ये आली की दुसऱ्याचा आवाज लावायचा मोह होतो. तो टाळा. डोक्यावर मोळी घेऊन धापा टाकत म्हटलेलं वाक्य बंद खोलीत हेडफोन लावून तसं उतरत नाही. नवख्या कलाकाराकडून तर नाहीच. भाऊराव कऱ्हाडे यांच्या ‘ख्वाडा’ला 62व्या राष्ट्रीय पुरस्कारांत लोकेशन साउंडचा पुरस्कार मिळाला, तो धनगरांच्या उघड्यावरच्या जगण्याच्या चित्रपटाला.

खर्च वाचवायचाच तर जागा पाहताना वाचवा. ज्या वेळी शूट करणार, त्याच वेळी तिथं जाऊन कान देऊन ऐका: विहिरीवरची मोटार, गिरणी, गाणी लावून जाणारे उसाचे ट्रॅक्टर. जनरेटर लांब ठेवा, माळावर माईकला केसाळ विंडशील्ड लावा. एखादा संवाद बिघडलाच, तर कलाकार त्याच भावात असताना, तिथंच, कॅमेरा बंद ठेवून दोन-तीनदा म्हणवून घ्या. त्यानंतर सगळ्यांना गप्प उभं करून त्या जागेचा नुसता आवाज तीस सेकंद घ्या. एडिटिंगमध्ये सांधे त्यावरच झाकले जातात. मोटारसायकलवरच्या संवादांसाठीही स्टुडिओ नको, काचा बंद केलेली उभी गाडी पुरते.