ऐकावे जनाचे, करावे मनाचे?

बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांत पुढे काय हा एकच विषय असतो. मुलीला नर्सिंगला जायचे असते. पप्पा म्हणतात, बँकेच्या परीक्षा दे. आखातातला मामा फोनवरून तिसरेच काही सुचवतो. चार दिवस वाद झाल्यावर आई थकून म्हणते, "बाळा, तुझं मन काय सांगतं ते कर." हे वाक्य आपण आईबाप प्रेमानेच बोलतो. पण खरे सांगायचे तर कधी कधी त्यात आपली सोयही असते. उद्या काही बिघडले तर "तूच ठरवलं होतंस" म्हणायला आपण मोकळे!

मुलांना मनाचे ऐका असे सांगावे की सांगू नये? पवित्र शास्त्र वरवर चाळले तर गोंधळ उडतो. यिर्मया संदेष्टा (१७:९) मानवी हृदयाला सर्वांत कपटी म्हणतो. नीतिसूत्रांतला बाप (३:५) मुलाला स्वतःच्या बुद्धीवर विसंबू नकोस असे बजावतो. आणि सिराखच्या ग्रंथात (३७:१३-१४) मात्र आपल्या हृदयाचा सल्ला घट्ट धर, त्याच्याइतके विश्वासू तुला कोणी नाही, असे सांगितले आहे. बुरुजावर बसलेल्या सात पहारेकऱ्यांपेक्षाही माणसाचे मन कधी कधी त्याला अधिक सांगते, अशी उपमाही तिथे आहे.

हा ग्रंथ आपल्या कॅथोलिक बायबलमध्ये आहे. प्रोटेस्टंट बंधूंच्या बायबलमध्ये तो सहसा नसतो. इसवी सनापूर्वी १८० च्या सुमारास जेरुसलेममधल्या बेन सिरा नावाच्या शिक्षकाने तो हिब्रू भाषेत लिहिला. त्याचे पहिले नाव येशू होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पुढे त्याचा नातू इजिप्तला गेला आणि आजोबांचे हे बोल त्याने ग्रीक भाषेत आणले. मूळ हिब्रू प्रत कित्येक शतके जवळजवळ हरवल्यासारखीच होती. १८९६ पासून कैरोच्या एका जुन्या सभास्थानातील कागदांत तिची पाने सापडू लागली. नातवाने कष्ट घेतले नसते तर आजोबांचा सल्ला आपल्यापर्यंत पोहोचलाच नसता.

आता ३७ व्या अध्यायातील सातव्या ओवीपासून वाचू या. बेन सिरा हृदयापासून सुरुवात करत नाही. तो आधी सल्लागारांकडे वळतो. सल्ला सगळेच देतात, पण काही जण स्वतःच्या फायद्यासाठी देतात. म्हणून सल्ला देणाऱ्याला काय हवे आहे ते आधी ओळख, असे तो म्हणतो. मग त्याची यादी येते, आणि ती वाचून हसू येते. भित्र्याला युद्धाबद्दल विचारू नकोस, गिऱ्हाइकाला विक्रीबद्दल विचारू नकोस, आळशाला कोणत्याही कामाबद्दल विचारू नकोस. आजची यादी आपणच करावी: वाडीची जमीन विकावी का, हे दलालाला विचारू नये. परदेशी जावे का, हे व्हिसाच्या एजंटला विचारू नये. कोणता कोर्स चांगला, हे त्याच कोर्सची फी घेणाऱ्या क्लासवाल्याला विचारू नये.

आणि या यादीत आपण आईबापही कुठेतरी बसतो, असे आम्हांला वाटते. मुलाने जवळ राहावे, नातेवाइकांत मान वाढावा, आपले राहून गेलेले त्याने पुरे करावे, असे आपल्यालाही हवे असते. त्यात पाप नाही. पण सल्ला देताना आपल्याला काय हवे आहे हे मुलांना उघड सांगावे. "तू लांब गेलीस तर मला करमणार नाही" हे आईने सरळ म्हणावे. त्याऐवजी "नर्सिंगला काही भविष्य नाही" असे म्हणू नये.

मग विचारायचे कोणाला? बेन सिरा म्हणतो, जो देवाच्या आज्ञा पाळतो, ज्याचे मन तुझ्या मनाशी जुळते आणि तू अडखळलास तर ज्याला दुःख होईल, त्याच्याकडे जा. त्यानंतर हृदयाचा कौल. आणि सर्वांवर, शेवटी, परात्पराची प्रार्थना: माझी वाट तू सत्याने सरळ कर.

बायबलमध्ये हृदय म्हणजे नुसत्या भावना नव्हेत, हेही ध्यानात घ्यावे. हिब्रू भाषेतला 'लेव' हा शब्द विचार, इच्छा आणि निश्चय या सर्वांचे ठिकाण दाखवतो. आपल्या 'अंतःकरण' या शब्दाच्या तो जवळ जातो. याच बेन सिराने पाचव्या अध्यायात मनातल्या वासनांमागे धावू नकोस असे बजावले आहे. त्यात विरोध नाही. एखादी नोकरी केवळ मित्र जातो म्हणून आवडणे वेगळे आणि अंतःकरणाचा कौल वेगळा.

पण दोन्हींतला फरक सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने ओळखावा कसा? इथे संत इग्नेशियस लोयोला उपयोगी पडतात. १५२१ साली पांप्लोनाच्या लढाईत तोफेचा गोळा लागून त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर वाचायला त्यांनी शूरवीरांच्या कथा मागितल्या. घरात होते फक्त ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे. पडल्यापडल्या ते कधी एका उमरावीण स्त्रीची सेवा करण्याची स्वप्ने रंगवत, कधी संतांसारखे जगण्याची. दोन्ही स्वप्ने गोडच वाटत. पण पहिले सरले की मन कोरडे पडे. दुसऱ्याचा आनंद मागाहूनही टिके. पुढे याच अनुभवातून त्यांनी निवड करण्याचे काही मार्ग लिहून ठेवले. अनोळखी माणूस हाच प्रश्न घेऊन आला तर त्याला मी काय सांगेन? मरणाच्या घटकेला मी कोणती निवड केलेली असावी असे मला वाटेल? आणि मन उदास, अंधारलेले असताना आधी केलेला निश्चय बदलू नये. परीक्षेत कमी गुण पडल्याच्या रात्री सगळे सोडून द्यायला निघालेल्या मुलाला हे शेवटचे नक्की सांगावे.

तोबितच्या ग्रंथातला बाप आम्हांला या बाबतीत फार जवळचा वाटतो. तो आंधळा झालेला आहे. दूर मेदियात ठेवलेले पैसे आणायला मुलाला पाठवायचे आहे. शहाण्यांचा सल्ला घे आणि प्रत्येक वेळी देवाकडे वाट माग, असे तो तोबियाला सांगतो. सोबतीला मिळालेल्या तरुणाला तो अगदी आपल्याकडच्यासारखा विचारतो: तू कुठला, कोणाचा? रोजची मजुरीही ठरवतो. तो तरुण म्हणजे महादूत राफाएल आहे, हे त्याला ठाऊक नाही. मग तो दोघांना आशीर्वाद देतो. आई रडते, मुलाला का पाठवलेस म्हणून नवऱ्याला बोलते; तो तिची समजूत घालतो. तोबिया निघतो, आणि घरचा कुत्राही त्यांच्या मागोमाग जातो.