पंधरवड्यापूर्वी कसे होते?

चि. बाळ यास,

तुझे पत्र पावले. मेडिसिनच्या वॉर्डात रुजू झाल्यापासून तुझ्या वाट्याला येणारे बहुतेक रुग्ण सत्तरी ओलांडलेले असतात, त्यांच्या तक्रारी पाठ्यपुस्तकातील कोणत्याही प्रकरणाशी जुळत नाहीत आणि एका दुखण्याचा माग काढू जावे तो चार दुखणी पुढे उभी राहतात, असे तू लिहितोस. या गुंत्यातून वाट काढताना जो प्रश्न मला जन्मभर उपयोगी पडला, तो आधीच सांगून टाकतो. वृद्ध रुग्ण दाखल होताच, नाडी पाहता पाहताच, सोबतच्या माणसाला विचारावे : हे पंधरवड्यापूर्वी कसे होते? स्वतः उठून अंघोळ करीत होते काय, बाजारापर्यंत चालत जात होते काय, नातवंडांची नावे बरोबर घेत होते काय?

या प्रश्नाचे महत्त्व असे की, तरुण देहात जो अवयव बिघडतो तोच बहुधा तक्रार करतो. परंतु वार्धक्यात सर्वच अवयवांची राखीव शक्ती उणावलेली असल्यामुळे आघात कोठेही झाला तरी प्रथम कोसळते ते त्या व्यक्तीचे सर्वांत दुबळे झालेले कार्य. म्हणूनच न्यूमोनिया झालेले आजोबा ताप-खोकल्यावाचून नुसते बरळत येतात, आणि हृदयविकाराचा झटका आलेली आजी छातीत कळ आल्याचे न सांगता धाप लागल्याची, घेरी आल्याची किंवा अन्नावरची वासना उडाल्याची हकीकत सांगते. बर्नार्ड आयझॅक्स या ब्रिटिश वैद्याने चालणे थांबणे, तोल जाऊन पडणे, लघवीवरचा ताबा सुटणे आणि बुद्धी मंदावणे या चार अवस्थांना वार्धक्यचिकित्सेतील महाकाय शत्रू म्हटले. यांपैकी एखादी अवस्था नव्याने दिसली, तर तिच्यामागील व्याधी शोधणे हे तुझे कर्तव्य, मग अंगात ताप असो वा नसो.

‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून स्वस्थ बसणाऱ्या नातेवाइकांचे, आणि कित्येकदा डॉक्टरांचेही, समाधान तू मान्य करू नकोस. दोन वर्षांपासून हळूहळू स्मृती ओसरत आली असेल तर तो बहुधा स्मृतिभ्रंश. परंतु दोन दिवसांत भान सुटले, सकाळी सावध आणि रात्री असंबद्ध असे चढउतार होऊ लागले, तर तो डिलिरियम, म्हणजे लोक ज्याला वात झाला म्हणतात तो, आणि त्याला तातडीचा रोग मानूनच चालले पाहिजे. आरडाओरडा करणारा रुग्ण साऱ्या वॉर्डाच्या ध्यानात येतो. निपचित पडून राहणारा, कोणालाही त्रास न देणारा रुग्ण मात्र राउंडमध्ये सर्वांच्या नजरेतून निसटतो. अशाला शनिवारपासून उलटे वार म्हणावयास सांग. आठ-दहा दिवसांपूर्वी जो हे सहज म्हणू शकला असता, त्याला आज तिसऱ्या वारापाशीच वाट हरवलेली दिसेल.

सर्व लक्षणांना एकच कारण शोधण्याचा जो दंडक तुम्हांस शिकवितात, तो या वयात वारंवार लटका पडतो. 80 वर्षांच्या, 45 किलो वजनाच्या एखाद्या आजीबाईचे उदाहरण घे. रक्तदाबासाठी दिलेल्या थायाझाइडने तिचे सोडियम उतरलेले असते, मधुमेहावरील ग्लिबेनक्लामाइडने साखर घसरलेली असते, सर्दीसाठी दुकानातून आणलेल्या क्लोरफेनिरामिनने लघवी तुंबवून भ्रम वाढविलेला असतो, आणि त्यावर फुप्फुसाचा संसर्ग येऊन बसतो. क्रिएटिनिन 1.0 आलेले पाहून मूत्रपिंडे निर्दोष असल्याचा दाखला तू देशील. पण कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी 1976 साली प्रसिद्ध केलेल्या सूत्राने हिशेब केलास, तर तिच्या मूत्रपिंडांची क्षमता मिनिटाला जेमतेम 32 मिलिलिटर भरते. क्रिएटिनिनचा आकडा येथे फसवतो, कारण स्नायूच झिजले असल्याने रक्तात क्रिएटिनिन फारसे साचत नाही. सबब घरातील गोळ्यांची सगळी पिशवी मागवून घे, एकेक गोळी हातात घेऊन तिचे प्रयोजन विचार, आणि नवे औषध लिहिण्यापूर्वी कोणते बंद करता येईल याचा निर्णय कर. जे नवे द्यावयाचे, त्यांपैकी बहुतेकांची सुरुवात अल्प मात्रेने करून ती सावकाश वाढवावी. मात्र संसर्गावरील प्रतिजैविकाच्या पहिल्या मात्रेत काटकसर किंवा विलंब करू नये.

औषधांइतकेच लक्ष खाटेकडे दे. 1947 साली ब्रिटिश वैद्य रिचर्ड ॲशर यांनी अंथरुणावर पडून राहण्याचे धोके एका निबंधात मोठ्या तळमळीने मांडले : रक्ताच्या गुठळ्या, शय्याव्रण, आखडलेले सांधे, बद्धकोष्ठ, खचलेले मन. त्याही आधी, 1935 पासून, लंडननजीक आयझलवर्थ येथील वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात मार्जरी वॉरेन या विदुषीच्या ताब्यात जुन्या अनाथ-निर्धनांच्या इस्पितळातील 700 हून अधिक रुग्ण आले. असाध्य म्हणून वर्षानुवर्षे खाटांवर ठेवलेल्या या लोकांची तिने एकेक करून तपासणी केली, निदान केले, त्यांना उठविले, चालविले, आणि त्यांपैकी कित्येकांना घरी धाडले. आज जगभर मान्य असलेली वार्धक्यचिकित्सा या कामातून उभी राहिली. म्हणून प्रकृती सावरताच रुग्णाला खुर्चीत बसव. चष्मा, कानाचे यंत्र आणि कवळी घरून आणण्याची ताकीद दे. अनावश्यक कॅथेटर त्याच दिवशी काढ. आणि भ्रमिष्टाचे हात खाटेला बांधण्याऐवजी परिचित माणूस उशाशी बसविण्याची तजवीज कर.

शेवटी उपचार कोठवर करावा, हा प्रश्न तुझ्यापुढे येईलच. केवळ वयाकडे बोट दाखवून इलाज नाकारणे हा अन्याय, आणि देह निरोप घेत असता केवळ यंत्रे उपलब्ध आहेत म्हणून त्याला छळणे हाही अन्यायच. मुलगे आणि जावई व्हरांड्यात जो निर्णय करतात, तो रुग्ण शुद्धीवर असेल तर आधी त्याच्यापाशी बसून, त्याच्या भाषेत, त्याला विचार. कोणी म्हणेल मला घरी जाऊ द्या, कोणी म्हणेल नातीचे लग्न पाहू द्या. त्या इच्छेवरून औषधयोजनेची दिशा ठरविण्यात वैद्यकाला कमीपणा नाही.

तेव्हा बाळ, पंधरवड्यापूर्वीची स्थिती केसपेपरच्या पहिल्या ओळीत लिहीत जा, आणि रुग्णाला घरी पाठविताना ती ओळ पुन्हा वाच. तो माणूस त्या स्थितीच्या जितका जवळ पोहोचला असेल, तितकाच तुझा उपचार सफल झाला असे समज. अहवालांतील आकड्यांवर समाधान मानू नकोस.



तुझा मामा