ऑइलच्या कॅनवरचे दोन आकडे काय सांगतात?



खरिपाची मशागत तोंडावर आली. ट्रॅक्टर, पिकअप, घरची कार यांचं इंजिन ऑइल बदलायची हीच वेळ. दुकानात गेल्यावर "जरा जाड ऑइल द्या" असं आपण सहज म्हणून जातो. पण जाड म्हणजे चांगलं असं नसतं. कंपनीने आपल्या इंजिनाला जे सांगितलंय, तेच चांगलं.

*१) १५डब्ल्यू-४० म्हणजे काय?*
गुऱ्हाळावरची काकवी गरम असताना भराभर वाहते, गार झाली की घट्ट होते. ऑइलचंही तसंच. म्हणून दोन आकडे असतात.
🔹 पहिला आकडा (१५) थंड इंजिनासाठी. डब्ल्यू म्हणजे विंटर, थंडी. हा आकडा जितका लहान, तितकं ऑइल स्टार्टर मारल्यावर लवकर वरपर्यंत पोहोचतं.
🔹 दुसरा आकडा (४०) तापलेल्या इंजिनासाठी. १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती जाड राहतं ते तो सांगतो. ३० पेक्षा ४० जाड, ४० पेक्षा ५० जाड.

⚠️ ४० म्हणजे ४० अंश तापमान नव्हे. "आपल्याकडे ऊन ४४ वर जातं, मग ५० नंबर टाकू" हा हिशोब चुकीचा आहे.

*२) ग्रेड चुकला तर?*
🔹 जास्त पातळ: नांगराच्या लोडवर बेअरिंगमधला ऑइलचा थर तुटतो, लोखंडाला लोखंड घासतं. इंजिन धरलं तर ऐन पेरणीत ट्रॅक्टर उभा.
🔹 जास्त जाड: सकाळी चालू करताना ऑइल वर उशिरा पोहोचतं, झीज वाढते, डिझेलही जास्त जातं.
🔹 निळा धूर निघत असेल तर इंजिन ऑइल जाळतंय. जाड ऑइलने धूर काही दिवस कमी दिसेल, पण झिजलेल्या रिंगा भरून येणार नाहीत. मिस्त्रीला दाखवा.

*३) आकडे जुळले, तरी एवढं बघा*
कॅनवर एपीआय लिहिलेलं असतं. त्यापुढे 'सी'ने सुरू होणारी अक्षरं (सीआय-४, सीके-४) डिझेल इंजिनासाठी, 'एस'ने सुरू होणारी (एसएन, एसपी) पेट्रोलसाठी. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाडीला धुराचा फिल्टर (डीपीएफ) असेल, तर त्याला कमी राख करणारं ऑइलच लागतं. ट्रॅक्टरचं उरलेलं ऑइल त्यात ओतू नका. फिल्टर चोंदला की खर्च मोठा.

*४) ऑइल घेण्याआधी*
✅ गाडीबरोबर आलेलं पुस्तक उघडा, ग्रेडच्या पानाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा.
✅ पुस्तकात हवामानाप्रमाणे दोन-तीन ग्रेड दिले असतील, तर त्यातलाच एक निवडा.
✅ सीलबंद कॅनच घ्या, बिल जपून ठेवा. वॉरंटीच्या वेळी ते लागतं.
✅ ऑइलसोबत ऑइल फिल्टरही बदला.
✅ गाडी सपाट जागी लावून, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पट्टी बघा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. जास्त भरणंही वाईट.

डिझेल इंजिनात ऑइल लवकर काळं होतं, त्याने घाबरू नका. पण ते दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय, इंजिन चालू करू नका. चालू गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला तर "घरापर्यंत नेतो" म्हणू नका, तिथेच बंद करा.

कोणता ग्रेड घ्यावा कळत नसेल, तर पुस्तकाच्या पानाचा आणि कॅनच्या लेबलचा फोटो याच नंबरवर पाठवा.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी