अंधारात घास तोंडातच कसा जातो?

प्रश्न : वीज गेली तरी घास बरोबर तोंडातच जातो. हात कुठे आहे हे सांध्यांतल्या मज्जातंतूंमुळे कळतं, असं वाचलं होतं. पण माझ्या आईच्या खुब्याचा सांधा बदलला, तरी डोळे मिटून ती पाय नेमका कुठे आहे ते सांगते. हे कसं?

उत्तर : तुमची शंका अगदी रास्त आहे. सांध्याभोवतीच्या आवरणात आणि अस्थिबंधांत मज्जातंतूंची संवेदनशील टोकं असतात, हे खरंच. पण ती बहुतेक राखणदाराचं काम करतात. सांधा पार टोकापर्यंत वाकला किंवा ताणला गेला, की ती जोरात संदेश धाडतात. एरवी त्यांच्याकडून फारशी बातमी येत नाही.

मुख्य बातमी येते स्नायूंकडून. जवळजवळ प्रत्येक स्नायूत चातीच्या आकाराची, काही मिलिमीटर लांबीची इंद्रियं असतात आणि त्यांच्याभोवती मज्जातंतूचे वेढे असतात. कोपर सरळ केलं की दंडाचा पुढचा स्नायू लांबतो, त्यातल्या चात्या ताणल्या जातात आणि संदेशांचा वेग वाढतो. हात किती लांबला आणि किती झपाट्यानं, दोन्ही मेंदूला कळतं. या ताणाचं विद्युतसंदेशात रूपांतर करणारं प्रथिन म्हणजे पिएझो-२. त्याच्या शोधासाठी आर्डेम पॅटापूटियन यांना 2021 च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

याचा पुरावा मोठा मजेदार आहे. डोळे बांधलेल्या माणसाच्या दंडाच्या स्नायूबंधावर कंपन दिलं, की हात जागचा हलला नसतानाही कोपर सरळ होतंय असं त्याला वाटतं. चात्या फसतात आणि मेंदूही फसतो. 1972 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांनी सांध्यांचा मान स्नायूंकडे गेला. आईंचा सांधा नवा असला, तरी त्याभोवतीचे स्नायू त्यांचेच आहेत!

हे संदेश बंद पडले तर? इंग्लंडमधल्या इयन वॉटरमन यांना 1971 मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, आजारपणानंतर मानेखालची स्पर्शाची आणि अवयवांच्या स्थितीची जाणीव उरली नाही. स्नायूंत ताकद होती, पण हात-पाय ताब्यात नव्हते. प्रत्येक हालचालीवर नजर ठेवून ते पुन्हा चालायला शिकले. मात्र दिवे गेले, की ते जमिनीवर कोसळत.

पुढच्या वेळी वीज जाईल, तेव्हा हातातल्या घासाकडे जरा लक्ष द्या. डोळ्यांना काहीच दिसत नसताना दंडातल्या चात्या तो तोंडापर्यंत पोचवत असतात.